हजेरीपटावरील नावे

सोलापूर शहरातून आग्नेयेकडे अक्कलकोटच्या दिशेने जो रस्ता निघतो, त्याच्या कडेने पसरलेल्या औद्योगिक वसाहतीला सारे शहर केवळ 'एमआयडीसी' म्हणून ओळखते. टर्किश टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या यंत्रमागांचा खडखडाट तेथे दिवसपाळी आणि रातपाळी असा भेद जाणत नाही. आणि ज्या घरांतील पुरुष मागावर उभे राहतात, त्याच घरांतील स्त्रिया बहुधा उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन विड्या वळीत बसलेल्या दिसतात. आसपास निलम नगर, विनायक नगर, सुनील नगर अशा, सोलापूरकर ज्यांना एकत्रितपणे 'पूर्वभाग' म्हणतात त्या वस्त्या आहेत. आणि त्याच रस्त्याने पुढे गेले म्हणजे कुंभारीच्या माळावर विडी कामगार स्त्रियांसाठी उभारलेली, गोदूताई परुळेकरांचे नाव धारण करणारी 10,000 घरांची वसाहत लागते, व तिच्या जोडीला असंघटित कामगारांसाठी वसविलेले रे नगर, जेथील पहिल्या 15,000 घरांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये कुटुंबांच्या हाती पडल्या. विद्यार्थ्यांच्या प्रतिष्ठेचा विचार करावयाचा तर तो ज्या वर्गात सर्वांत कठीण आहे तेथून आरंभ करावा, असे आम्हांस वाटते; आणि या टापूतील वर्ग तसा आहे.

असा वर्ग पाहावयाचा तर प्रथम त्याचा हजेरीपट उघडावा. येमुल, बोल्ली, गड्डम, चिट्याल ही नावे तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या पद्मशाली कुळांची. हिरेमठ आणि बिराजदार कानडी मुलुखाशी नाते सांगणारी. शेख आणि बागवान. गायकवाड, जाधव, शिंदे. आणि अधूनमधून एखादे मारवाडी वा गुजराथी आडनाव. ही सरमिसळ काही आजची नव्हे. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्याच्या तुरुंगात सोलापूरचे जे चार स्वातंत्र्यसैनिक फासावर गेले, त्यांची नावे मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकृष्ण सारडा आणि कुर्बान हुसेन अशी होती. आणि आजच्या कोणत्याही स्थानिक शाळेच्या पटावर ही चारही आडनावे एकाखाली एक लिहिलेली आढळली तर त्यात कोणास नवल वाटू नये.

आता हा पट वाचला कसा जातो, ते पाहा. बाहेरगावाहून बदलून आलेल्या गुरुजींच्या जिभेला 'गड्डम'मधील जोडाक्षर वळत नाही, ते 'गदम' म्हणतात, वर्ग खदखदून हसतो, गुरुजीही कौतुकाने हसतात, आणि तो मुलगा 'हजर' म्हणतो खरा, पण त्या दिवसापासून वर्गात त्याचे नाव गदम होते व मधल्या सुट्टीपर्यंत त्या नावाशी जुळणारे दुसरे काही अनुचित नावही तयार होते. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो; आणि म्हणूनच ही गोष्ट कोणाच्या ध्यानात येत नाही. उपायही अगदी साधा आहे. वर्षारंभीच्या पहिल्या तासाला प्रत्येक मुलाने आपले नाव आपल्या घरी उच्चारतात तसे स्वतः उच्चारावे, शिक्षकाने ते त्याच्यामागून म्हणावे, चुकल्यास मुलाने दुरुस्त करावे, आणि पटाच्या समासात पेन्सिलीने खूण करून ठेवावी. वर्षाच्या पहिल्याच दिवशी विद्यार्थ्याने शिक्षकाची चूक दुरुस्त केली आणि शिक्षकाने ती बिनतक्रार मान्य केली, हे चाळीस मुलांनी डोळ्यांदेखत पाहिले, म्हणजे पुढे भाषेच्या वा गणिताच्या तासाला आपली चूक दाखविली गेल्यास त्यात मानहानी नाही, हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

हजेरीचे दुसरेही एक रूप सोलापूरने पाहिलेले आहे. 1871 च्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या गेल्या, आणि त्यांच्यासाठी ज्या बंदिस्त वसाहती निर्माण झाल्या त्यांपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती; 'सेटलमेंट' हे नाव शहराच्या बोलण्यात अद्यापि आहे. तेथील माणसांनी ठरल्या वेळी हजेरी द्यावयाची, परवान्याविना बाहेर जावयाचे नाही, असा अंमल होता. कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी देशभर रद्द झाला आणि त्या जमाती 'विमुक्त' म्हणून गणल्या जाऊ लागल्या. परंतु वर्गात कोणाची पट्टी वा डबा हरवला असता सर्वांच्या माना ज्या दिशेने वळतात ती दिशा पाहिली, म्हणजे कायद्याची मुदत संपली तरी संशयाची मुदत संपत नाही, याची खात्री पटते. चोरीचा तपास भर वर्गात दप्तरे उलटी करून करू नये, असा नियम प्रत्येक शाळेने करावा. आणि तो सर्वांसाठी सारखा असावा, कारण अमक्याचे दप्तर पाहू नका असे सांगणे हे अमक्याकडे बोट दाखविण्यासारखेच आहे.

वर्गात कोणी कोठे बसावे, हा प्रश्न तर आपल्या इलाख्याच्या दप्तरात फार जुना आहे. 1856 च्या जून महिन्यात धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला आणि तो नाकारण्यात आला. मुंबई सरकारने त्यावर जो ठराव केला त्यातील युक्तिवाद मोठा चमत्कारिक होता: न्याय अर्जदाराच्या बाजूला आहे हे मान्य, परंतु एका व्यक्तीस आत घेतल्याने इतर सर्व मुले शाळा सोडून जातील आणि शाळा निरुपयोगी होईल, म्हणून अर्ज नामंजूर. प्रकरण कलकत्त्यापर्यंत आणि तेथून विलायतेपर्यंत गेले, आणि सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत असे 1858 मध्ये वरून स्पष्ट करण्यात आले. तत्त्व मान्य झाले, तपशील राहिला. तो तपशील म्हणजे ओसरी. सरकारी शाळेत दाखल झालेला अस्पृश्य मुलगा पुढे कित्येक वर्षे वर्गाच्या दाराबाहेर बसून आतला धडा ऐकत राहिला. 1900 मध्ये साताऱ्याच्या हायस्कुलात नाव घातलेल्या भीमराव आंबेडकरांना वर्गात बसण्यासाठी घरून गोणपाट न्यावे लागे, आणि शिपायाने वरून ओतल्याखेरीज पाणी मिळत नसे. शिपाई नाही त्या दिवशी पाणी नाही. पटावर नाव होते, फी भरलेली होती, हजेरीही लागत होती, आणि तरीही तो मुलगा शाळेत नव्हता, असे म्हटले तर ते चूक होणार नाही.

या ओसरीच्या प्रश्नाला हात घालणाऱ्यांत दोन प्रकारची माणसे दिसतात. शाहू छत्रपतींच्या हाती राज्य होते. त्यांनी 1919 मध्ये कोल्हापूर संस्थानातील अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना इतरांबरोबर सरकारी शाळांत बसविण्याचा हुकूम काढला. ज्यांच्या हाती राज्य नव्हते त्यांनी वसतिगृहे काढली. 20 जुलै 1924 रोजी आंबेडकरांनी स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने आपले वसतिगृह 4 जानेवारी 1925 रोजी उघडले ते सोलापुरातच, ही गोष्ट गिरणगावाच्या इतिहासात जितक्या ठळकपणे नोंदली जावयास हवी तितकी नोंदली जात नाही. ज्या मुलाला रात्री दिव्याखाली बसून आपल्यासारख्याच दहा जणांबरोबर मोकळेपणाने वाचता आले, तो सकाळी वर्गात वेगळ्या खांद्यांनी शिरतो.

आज ओसरीवर कोणी बसत नाही, हे खरे. परंतु शिष्यवृत्तीचे अर्ज आले म्हणजे लिपिक वर्गाच्या दारात उभा राहून अमुक प्रवर्गातील मुलांनी उभे राहावे असे फर्मावितो, आणि पाच मुले उभी राहतात, आणि पस्तीस मुले मोजतात. तेच काम मुलांच्या हाती लिफाफा देऊन, अथवा पालकांना निरोप धाडून होण्यासारखे आहे; त्यास एक पैसा अधिक लागत नाही. 'मागचा बाक' ही सुद्धा आमच्या मते एक ओसरीच आहे. हुशार पुढे आणि ढ मागे अशी वाटणी जूनमध्ये एकदा झाली की मार्चपर्यंत ती शिक्षकाच्या नजरेतही होऊन बसते. रोझेनथाल आणि जेकबसन या अमेरिकन संशोधकांनी 1968 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चिठ्ठ्या टाकून निवडावी तशी काही मुले निवडून, ही आता बहरणार आहेत, असे शिक्षकांना सांगितले होते. आणि खालच्या इयत्तांतील ती मुले खरोखरच पुढे सरकल्याचे त्यांना आढळले. या प्रयोगाच्या आकडेमोडीवर पुढे पुष्कळ आक्षेप घेतले गेले, आणि त्यांतील काही रास्तही आहेत. पण बाकांची रांग दर आठवड्याला एकेक पुढे सरकवावी, एवढ्या साध्या व्यवस्थेसाठी इतक्या मोठ्या पुराव्याची गरज नाही.

आता भाषेकडे येऊ. एमआयडीसीच्या आसपासचे मूल घरी तेलुगु बोलते, गल्लीत दखनी हिंदी बोलते, शेजारच्या आजीची कानडी त्याला समजते, आणि वर्गात मात्र त्याने पुस्तकी मराठीत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. या शहरात मराठीखेरीज तेलुगु, कानडी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा निघाल्या, आणि 1967 मध्ये स्थापन झालेली बालभारती या सर्व भाषांत पाठ्यपुस्तके छापते. परंतु पोटापाण्याचा विचार करून पुष्कळ पालक मुलांना मराठी वा इंग्रजी माध्यमात घालतात, आणि त्यात त्यांना दोष देण्याजोगे काही नाही. प्रश्न वर्गात काय घडते हा आहे. शिक्षक विचारतो, 'सांग, पाऊस कसा पडतो?' मूल उत्तर जाणते. पण ते जाणते ते तेलुगुत, आणि त्याचे मराठी मनातल्या मनात जुळवीत असताना शिक्षकाचे बोट पुढच्या मुलाकडे वळलेले असते. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने वर्गांतील संभाषणे ध्वनिमुद्रित करून पाहिली तेव्हा प्रश्न विचारल्यानंतर शिक्षक सरासरीने अवघा 1 सेकंद थांबतात असे तिला दिसले; आणि तोच अवधी 3 सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे लांब झाली, 'येत नाही' म्हणणारे कमी झाले, आणि एरवी गप्प बसणारी मुले बोलू लागली. ज्या वर्गात निम्मी मुले मनात भाषांतर करीत असतात तेथे हे 3 सेकंद म्हणजे शिष्टाचार नव्हे, न्यायच होय. आणि एखाद्याने 'वर्षम्' म्हटले तर त्याला हटकण्याऐवजी फळ्यावर पाऊस, वर्षम्, मळे, बारिश हे चारही शब्द लिहावेत; मराठीचे त्यात काही नुकसान होत नाही. घरी तेलुगु बोलणाऱ्या मुलाला वर्गात तेलुगु बोलल्याबद्दल दंड करणाऱ्या शाळा आहेत, त्यांच्या संचालकांना आपण मराठीची सेवा करीत आहो असे प्रामाणिकपणे वाटते; त्या प्रामाणिकपणाचे काय करावे, हे आम्हांस कळत नाही.

गृहपाठाविषयी तर सर्वत्र गैरसमज आहे. 'घरी अभ्यास का केला नाहीस?' हा प्रश्न चारचौघांत विचारताना शिक्षकाच्या डोळ्यांसमोर जे घर असते, त्यात एक टेबल असते. येथील पुष्कळ घरे एका खोलीची. रातपाळी करून आलेला बाप सकाळी त्याच खोलीत झोपलेला असतो, म्हणून मुलांनी आवाज करावयाचा नाही. आणि आईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरत असल्यामुळे संध्याकाळी भिजवलेली पाने कापणे, वळलेल्या विड्यांना दोरा बांधणे, जुड्या करणे यांत मुलीचा हात लागतो. कारखान्यात विड्या जमा करण्याच्या वेळी मापात न बसलेल्या विड्या 'छाट' म्हणून बाजूला काढल्या जातात; त्यांची मजुरी मिळत नाही, आणि काढणारा कारकून का काढली ते बहुधा सांगत नाही. आईबरोबर त्या रांगेत उभी राहिलेली मुलगी दुसऱ्या दिवशी शिक्षकाच्या टेबलापाशी वही घेऊन उभी राहते. आणि लाल शाईची एक आडवी रेघ ओढून, एक शब्द न बोलता ती वही परत फेकली गेली, तर तिला शाळा आणि विडी कारखाना यांत फरक कोठून दिसावा? चुकीच्या उत्तराखाली दोन शब्दांचा शेरा, 'हातचा विसरलीस', एवढा लिहिला तरी ती वही छाट राहत नाही. गृहपाठाचे काय, असे विचाराल तर तो शाळा सुटल्यावर अर्धा तास वर्ग उघडा ठेवून तेथेच करून घ्यावा. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डीस 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी काम आरंभिले तेव्हा वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी मुलांना नावे न ठेवता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली, आणि आज देशभर रूढ झालेली 'अंगणवाडी' तेथून निघाली. पुढे गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी कोसबाडच्या बाजूस कुरणशाळाही चालविल्या. परुळेकरांच्या गोदूताईही त्याच काळी त्याच जिल्ह्यातील वारल्यांत काम करीत होत्या. त्यांच्या नावाच्या वसाहतीतील शाळांना ताराबाईंचा हा धडा दूरचा वाटू नये.

येथे शिस्तीचा आक्षेप येतोच. मुलांना एवढा मान दिला तर ती डोक्यावर बसतील, असे अनुभवी माणसे म्हणतात. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने आपल्या 17 व्या कलमात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली, तेव्हा शिक्षकांच्या खोल्यांत हीच कुरकुर उमटली. पण कायदा छडी काढून घेतो; तिच्या जागी काय ठेवावे हे तो सांगत नाही, आणि एका वर्गात पन्नास-साठ मुले घेऊन उभ्या असलेल्या माणसाचा हा प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचे एक उत्तर वॉर्सात दिले गेले होते. यानुश कोर्चाक हा पेशाने वैद्य. 1912 पासून त्याने अनाथ ज्यू मुलांचे गृह चालविले आणि तेथे मुलांचे न्यायालय स्थापिले. न्यायाधीश मुलेच, तीही चिठ्ठ्या टाकून निवडलेली. आणि संहिता अशी की तिची पहिली 99 कलमे क्षमेची. कोणी ढकलले, कोणी चिडवले, कोणी वस्तू हिसकावली, तर तक्रार नोंदवावी, फैसला होईल. विशेष हे की फिर्याद मोठ्यांवरही करता येई. खुद्द कोर्चाक अर्ध्या वर्षात पाच वेळा या न्यायालयापुढे उभा राहिला, आणि त्याच्यावरील आरोपांत एक असा होता की त्याने एका मुलीवर चोरीचा संशय घेतला. आपण हे लिहून ठेवले पाहिजे असे त्यास वाटले, यातच त्या गृहाची शिस्त कोणत्या प्रतीची होती ते दिसते. (नाझींच्या कोंडवाड्यात उपासमार चालू असताना 18 जुलै 1942 रोजी याच मुलांनी रवींद्रनाथांचे 'डाकघर' रंगमंचावर आणले, आणि पुढच्याच महिन्यात कोर्चाक त्यांच्याबरोबर ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत गेला, स्वतः निसटण्याची संधी त्याने नाकारली होती.)

सोलापूरच्या शाळेत असे न्यायालय हुबेहूब उभारता येईल असे आम्ही म्हणत नाही. परंतु आठवड्यातून एक तास, लेखी तक्रारी, मुलांचे पंच, आणि पंचांपुढे शिक्षकाचेही नाव येऊ शकते हा संकेत, एवढे पन्नास मुलांच्या वर्गात साधते. शिक्षा करण्याचे निम्मे काम त्यामुळे शिक्षकाच्या डोक्यावरून उतरते. शिक्षकाला मात्र हे सोसावयाचे तर त्याची स्वतःची प्रतिष्ठाही कोठे तरी शाबूत असली पाहिजे. शिक्षणसेवक म्हणून तुटपुंज्या मानधनावर तीन वर्षे काढणाऱ्या, मतदारयाद्यांपासून खानेसुमारीपर्यंत कोणत्याही कामास जुंपल्या जाणाऱ्या, आणि तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने मुलांदेखत खडसावलेल्या माणसाने वर्गात प्रत्येक मुलाशी अदबीने वागावे, ही अपेक्षा करणाऱ्यांनी आपली वागणूक आधी तपासावी. अपमान वरून खाली वाहतो, आणि उताराच्या तळाशी मुले बसलेली असतात.

राहता राहिले पालक. भाड्याची खोली सोडून कुंभारीला राहावयास गेलेल्या कुटुंबाचे मूल वर्षाच्या मध्यावर नव्या शाळेत येते, तेव्हा जुन्या शाळेचा दाखला आला नाही म्हणून त्याला दाराशी थांबवून ठेवता येत नाही, असे शिक्षणहक्काच्या त्याच कायद्याचे 5 वे कलम सांगते. हे कलम पालकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असणारे पुष्कळदा सांगत नाहीत. 21 व्या कलमाप्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असावयास हव्यात. कागदावर त्या असतात. बैठक मात्र मुख्याध्यापकांच्या सोयीने नेमकी अशा वेळी बोलावली जाते, की विडी जमा करावयास गेलेली सभासद बाई त्या वेळी कारखान्याच्या रांगेत असते, तिचा अंगठा वा सही मागाहून घरी जाऊन घेतली जाते, आणि इतिवृत्तात ती हजर म्हणून नोंदली जाते. बैठकीची वेळ तिला विचारून ठरवावी, सूचनापत्र मराठीबरोबर तेलुगुत व कानडीतही काढावे, आणि ती आल्यावर तिला 'ए बाई' न म्हणता 'या अक्का, बसा' म्हणून मुख्याध्यापकांसमोरची खुर्ची द्यावी. खिडकीतून तिची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी हे पाहतातच. त्यांना त्याविषयी वर्गात वेगळा पाठ घ्यावा लागत नाही.